दिलबहार टॉकीजची बॅटरी

मी एक जुनी बॅटरी आहे, मित्रांनो. आता बॅटरी म्हटल्यावर लगेच मोबाईलच्या पोटातली ती पापडासारखी चकती डोळ्यांपुढे आणू नका. मी हातात धरायची बॅटरी. पुस्तकात मला विजेरी म्हणतात, शहरात टॉर्च म्हणतात. आमच्या जालन्यात बॅटरी म्हणजे मीच. पोटात तीन जाडजूड सेल, पितळेच्या अंगावर चकचकीत मुलामा आणि वजन असं, की नुसती उगारली तरी कुत्रं शेपूट घालून पळायचं.

माझा डोळा एकच आणि तो समोर. मागचं मला काही दिसत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण माझं सगळं दुखणं तिथेच आहे. जिच्या हातात मी माझी सगळी उमेदीची वर्षं घालवली, त्या कांताबाईंचं तोंडच मी कधी पाहिलं नव्हतं! हसू नका. आधी ऐका तर खरं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. जन्म कुणाला आठवतो? भुसा भरलेल्या खोक्यातून मी रेल्वेने आले आणि नवीन जालन्याच्या स्टेशनावर उतरले. तिथून एका दुकानाच्या काचेत. आणि काचेतून मला उचललं ते दिलबहार टॉकीजच्या मॅनेजरसाहेबांनी.

काय थाट होता तेव्हा टॉकीज गल्लीचा! समोरासमोर दोन टॉकीज. मधे हॉटेलं, त्यांच्या कढईतून भज्यांचा वास. गाण्यांच्या तबकड्यांचं दुकान, सोडावाटरच्या गाड्या, आणि एक फोटो स्टुडिओ. त्या स्टुडिओत पत्र्याचं रंगवलेलं विमान होतं. पिक्चर सुटला की माणसं थेट त्या विमानात जाऊन बसायची आणि फोटो काढून घ्यायची. पलीकडच्या मैदानात हिवाळ्यात तमाशाचे तंबू पडायचे. संध्याकाळी गल्लीत पाय ठेवायला जागा नसायची.

दिलबहारमध्ये बायांची बसायची जागा वेगळी होती. तिला जनाना म्हणायचे. जनान्याचं दार बाजूच्या बोळातून आणि त्या दारावर डोअरकीपरही बाईच. ती बाई म्हणजे आमच्या कांताबाई. नवीन लागलेल्या, हिरव्या काठाचं लुगडं, हातात ही मोठी बॅटरी, आणि मनात धाकधूक.

मॅनेजरसाहेबांनी त्यांना पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवली.

"कांताबाई, ध्यानात ठेवा. उजेड पायावर. तोंडावर बिलकुल न्हाई."

"का हो साहेब?"

"अहो, अंधारात कोणी रडून राह्यलं, कोणी सासूची चोरी करून आलं. तोंडावर उजेड पडला तर ती बाई पुन्हा आपल्या टॉकीजला येईल का?"

कांताबाईंनी हा शब्द असा धरला, की विचारू नका. कितीही गर्दी असो, कुणी किती उशिरा येवो, माझा उजेड घोट्याच्या वर गेला नाही. "या बाई, ह्या लायनीत. पायरी हाय, जपून." एवढंच त्या म्हणायच्या आणि मी पुढे पुढे जमिनीवर एक गोल टाकत चालायची. त्यामुळे झालं काय, की मला अख्ख्या जालना जिल्ह्यातल्या बायांचे पाय पाठ झाले! जोडवी घातलेले, भेगा पडलेले, मेंदी लावलेले, एका पायात एक आणि दुसऱ्या पायात दुसरीच चप्पल घालून धावत आलेले. तोंडं मात्र कुणाचीच पाहिली नाहीत. कांताबाईंची तर नाहीच, कारण त्या कायम माझ्या मागे.

एकदाची गंमत सांगते. हसनाबादच्या गोजरबाई घरी सांगून निघाल्या, की दाढ दुखून राह्यली, जालन्याला डॉक्टरकडे चालले. आल्या सरळ मॅटिनीला. पिक्चर सुरू झाला आणि मागून त्यांची सून दैवशाला आली. ती घरी सांगून निघाली होती, की माहेरी चालले! दोघी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, एकत्र येऊन गेलेल्या, त्यामुळे कांताबाईंना दोघींचे पाय ओळखीचे. सुनेचे पाय दिसले आणि त्यांनी मला पटकन विझवलं. मग अंधारातच तिचा हात धरून तिला पार दुसऱ्या टोकाला नेऊन बसवलं. मध्यंतराचे दिवे लागायच्या आधी तिला पाणी पाजायला म्हणून बोळात नेलं. पिक्चर सुटल्यावर सासू एका दारानं काढली, सून दुसऱ्या दारानं. एवढं सगळं करून पुढे काय, तर दोघी एकाच एसटीत चढल्या! शेजारी शेजारी बसल्या. पिक्चर रडका होता, त्यामुळे दोघींचे डोळे सुजलेले. सासूनं विचारलं नाही आणि सुनेनं सांगितलं नाही. पुढच्या खेपेला दैवशालानंच हे कांताबाईंना सांगितलं आणि मी त्यांच्या हातात गदगदा हलले, इतक्या त्या हसल्या.

असे आमचे दिवस. रात्रीच्या खेळाला एमआयडीसीतल्या मिलचे कामगार यायचे, पण ते पुढच्या दाराने. आमचं राज्य जनान्यात. कांताबाई पिक्चर पाहायच्या त्याही उभ्यानंच, भिंतीला पाठ लावून. बसायचं नाही, ड्यूटी म्हणजे ड्यूटी. आणि मला मोठी हौस, की एकदा, एकदाच, ह्या बाईचं तोंड दिसावं. काच पुसताना तरी दिसेल म्हणावं, तर मधे पदर! घरी नेल्यावर दिसेल म्हणावं, तर बॅटरी ठेवायची आपल्याकडे रीत कोणती? काच खाली. शीर्षासन! फडताळाची फळी सोडून मला काही दिसायचं नाही.

मग घरोघरी टीव्ही आले. त्यानंतर टीव्हीत शंभर चॅनेल आले. आधी समोरचं टॉकीज बंद पडलं, मग आमचं. शेवटच्या दिवशी मॅनेजरसाहेब म्हणाले, "कांताबाई, ही बॅटरी तुमच्याकडंच असू द्या. तुमच्याबिगर ती कोणाला वळख देणार?" हे माझं आयुष्यातलं सगळ्यात मोठं बक्षीस. मी कायमची त्यांच्या घरी आले. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली फडताळ, आणि फडताळात मी. उलटी.

लोडशेडिंग होतं तोवर माझी आठवण निघायची. नंतर ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल आला आणि मोबाईलला मेला आयताच दिवा. मला कुणी विचारेना. पोटातले सेल पाझरले, आत पांढरा बुरा साचला, बटण अडकलं. दिवाळीच्या साफसफाईत मला दोनदा भंगारात टाकायला काढलं होतं. दोन्ही वेळा कांताबाई ओरडल्या, "खबरदार! ती माझी बॅटरी हाय!" आणि मला परत जागेवर ठेवलं. परत उलटीच, पण ठेवलं.

आणि मित्रांनो, गेल्या महिन्यात एका रविवारी माझं नशीब उघडलं.

कांताबाईंची नात दीपमाला फोटोग्राफी शिकून आली आहे. लग्नाचे फोटो काढते, पण जीव मात्र तिचा जुन्या गोष्टींत. तिने ठरवलं होतं, की टॉकीज गल्लीचे फोटो काढायचे आणि वाचनालयाच्या हॉलमध्ये मांडायचे. रोज गल्लीत चकरा मारायची. त्या दिवशी सकाळी ती पळतच घरी आली.

"आजी, ऊठ! दिलबहारच्या खुर्च्या उद्या टेम्पोत भरून नेऊन राह्यले. तिथं बियाण्याच्या गोण्या ठेवणार म्हणे. वॉचमन सर्जेरावकाका म्हणले, आजच्या दिवस कुलूप उघडतो."

"मंग जा की, काढ फोटू."

"नुसत्या खुर्च्यांचा काढू? मला तुझा पाहिजे. इतकी वर्षं तिथं राबलीस, अन् टॉकीजमधला तुझा एक फोटो घरात न्हाई. आज न्हाई काढला तर मंग कधीच न्हाई."

ऐकलंत? जी हौस मला, तीच त्या पोरीला. मी फळीवर डोकं टेकून मनात म्हणाले, ने गं बाई, मलाही ने.

कांताबाईंनी थोडे आढेवेढे घेतले. "माझं काय थोबाड फोटूत घेतेस," म्हणाल्या. पण उठल्या, ठेवणीतलं लुगडं नेसल्या आणि फडताळाशी येऊन मला उचललं. "ही घेतल्याबिगर मी त्या दारात पाय ठेवणार न्हाई."

दीपमालाने माझं पोट उघडलं, लिंबाच्या फोडीनं बुरा साफ केला, जुन्या ब्रशनं घासलं. नवे सेल आणले. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. तेव्हा कांताबाईंनी मला हातात घेतलं आणि तळहातावर दोन सणसणीत थापा दिल्या. लागली! एवढ्या वर्षांनी माझा डोळा उघडला. काय सांगू तुम्हाला, समोर नुसती न्हाणीघराची भिंत होती, पण मला ती ताजमहालासारखी दिसली.

मग आमची स्वारी निघाली. मी कांताबाईंच्या हातात, तोंड पुढे. दीपमाला फोटो काढत चाललेली आणि आजी प्रत्येक दुकानापाशी थांबून बोलत चाललेली. तबकड्यांच्या दुकानात आता मोटारसायकलच्या सीटा मिळतात. हॉटेलचं शटर गंजलंय, पण वर रंगवलेला जिलबीचा ढीग अजून पिवळाधमक. समोरच्या टॉकीजच्या तिकीटखिडकीत पिंपळ उगवलाय. तमाशाच्या मैदानात ट्रक उभे. पाहून वाईट वाटायला पाहिजे होतं, पण कांताबाई वाईट वाटू देतील तर शपथ! "हितं एकदा पळापळ झाल्ती, बैल शिरला होता लायनीत." "हा स्टुडिओ बघ. ह्याच्या मागल्या बाजूला अजून ते विमान असंल." आणि खरंच, खिडकीतून पाहिलं तर रद्दीच्या गठ्ठ्यांमागे पत्र्याच्या विमानाचं शेपूट! दीपमालाने उड्या मारत त्याचे फोटो काढले.

"तू बसल्तीस का गं ह्याच्यात?"

"मी कवा बसू? शो सुटला की जनाना झाडायचा, पुढच्या शोची लाईन लावायची."

बोळाच्या तोंडाशी राधेश्यामकाका भेटले. तेव्हा ते मध्यंतरात सोडा विकायचे, आता मोबाईलची कव्हरं विकतात. कांताबाईंना पाहून त्यांनी दुकान तसंच सोडलं.

"अरे वा, जनान्याच्या मालकीणबाई! बॅटरी घेऊन आल्या म्हणजे शो चालू होऊन राह्यला का?"

"हाव, चालू होऊन राह्यला. पण तुमचा गरम सोडा नको!"

"गरम कधी होता? बर्फ बराबर टाकायचो."

"बर्फ तुमच्या डोक्यावर होता, बाटलीत न्हाई," कांताबाई म्हणाल्या आणि दोघंही लहान पोरांसारखे हसत आमच्याबरोबर बोळात शिरले.

सर्जेरावांनी कुलूप उघडलं. "जल्दी करा बरं का, मालक चार वाजता किल्ली घ्यायला येणारेत," म्हणाले आणि बाहेरच स्टूल टाकून बसले.

आत काळाकुट्ट अंधार. बाहेर भर दुपार, पण टॉकीजच ते, त्याला खिडक्या कुठल्या? वीज तर कधीच तोडलेली. वर पारवे फडफडले. दीपमालाने कॅमेरा स्टँडवर बसवला आणि म्हणाली, "आजी, मी कॅमेऱ्याचा डोळा एक मिनिट उघडा ठेवते. अंधार हाय म्हणून त्याला काही दिसणार न्हाई. तू बॅटरी घेऊन खुर्च्यांतून फीर. जिथं तुझा उजेड पडंल, तेवढंच फोटोत उमटंल."

"एवढंच ना? तेच तर केलं जन्मभर."

कांताबाई निघाल्या. एका लायनीतून दुसऱ्या लायनीत, पायऱ्या उतरत, तोल सांभाळत. हात तोच, पकड तीच. आम्ही दोघी अशा काही रंगलो, की मधे एकदा त्या हळूच म्हणाल्यादेखील, "या बाई, पायरी हाय." मला वाटलं, काय फोटो आला असेल!

दीपमालाने कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं आणि कपाळाला हात लावला. फोटोत खुर्च्यांचे नुसते लोखंडी पाय! भुईमुगाची टरफलं, तुटलेली चप्पल, पायऱ्या, आणि वर सगळा अंधार. उजेड घोट्याच्या वर गेलाच नव्हता.

राधेश्यामकाका पोट धरून हसले. "कांताबाई, खुर्च्यांच्या पाया पडून आल्या तुम्ही!"

"आता माझा हातच वर वळंना, तर मी काय करू?" त्याही हसत सुटल्या. दुसऱ्यांदा गेल्या, तरी तेच. शेवटी दीपमालाने बजावलं, "आजी, समोर कोणीच बसलं न्हाई. खुर्च्या लाजणार न्हाईत. वर धर." तेव्हा कुठे मी हळूहळू वर उठले. खुर्च्यांच्या पाठी पाहिल्या, भिंतीवरचे चुन्याचे मोर पाहिले, फाटका पडदा पाहिला. इतकी वर्षं त्या घरात राहून मला घराचं छत माहीत नव्हतं!

तिसरा फोटो मात्र बघत राहावा असा आला. अख्खं दिलबहार उजळून निघालं होतं. लाल खुर्च्या, निळ्या भिंती, मोरांचे पिसारे. आत्ता शो सुरू होईल असं वाटावं.

कांताबाईंनी चष्मा लावून निरखून पाहिलं. "मी कुठंय गं ह्याच्यात?"

दीपमालाचं तोंड उतरलं. "तू न्हाई आलीस आजी. तू चालत होतीस ना. चालणारं माणूस असल्या फोटोत उमटत न्हाई. एका जागी बसलेलंच दिसतं."

"मंग बराबर हाय. डोअरकीपर कोणाला दिसत असती का?" कांताबाई सहज म्हणाल्या. पण पोरीचे डोळे भरून आले. "ज्याच्यासाठी आले तेच न्हाई ना झालं. आजी, खुर्चीवर बस ना. एकच."

"छे छे. ह्या खुर्च्यांवर मी बसले न्हाई कधी. अन् तोंडावर उजेड? न्हाई बाई."

माझे सेल तापले होते. बाहेरून सर्जेरावांची हाक आली, "आटपा हो, मालकाचा फोन आल्ता." इतक्या जवळ येऊन हे काय!

दीपमालाने डोळे पुसले. मग तिला काय सुचलं कोण जाणे. कॅमेऱ्याचं बटण तिने राधेश्यामकाकांच्या हवाली केलं. आजीच्या हातातून मला काढून घेतलं, आणि आवाज बदलून, अगदी ठसक्यात म्हणाली,

"या बाई, या. लै उशीर केला. ह्या लायनीत. पायरी हाय, जपून!"

आणि माझा उजेड तिने आजीच्या पायांवर टाकला. मित्रांनो, ज्या पायांच्या पुढे पुढे मी जन्मभर फिरले ते पाय मला पहिल्यांदा दिसले. लहानसे, सुजरे, टाचा झिजलेल्या. उभं राहून राहून बोटं पसरलेली. मी गोल पुढे सरकवला, तसे ते पाय मुकाट्याने पुढे आले. सवयच ना! बॅटरी दाखवेल तिकडे जायचं, हे टॉकीजला आलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. एक पायरी, दुसरी पायरी, तिसरी लाईन, मधली खुर्ची. उजेड थांबला आणि कांताबाई बसल्या.

बसल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. "अगं बया! बसवलंस की मला!"

"आज तुमची ड्यूटी न्हाई, कांताबाई," राधेश्यामकाका कॅमेऱ्यामागून म्हणाले. "आज तुम्ही पब्लिक हाय."

दीपमाला हळू आवाजात म्हणाली, "आजी, उजेड वर करू?"

कांताबाईंनी पाय जुळवून घेतले. वर पारवा घुमत होता. मग म्हणाल्या, "कर. मी कोणाची चोरी करून आले?"

मी वर उठले. लुगड्याचा काठ, मांडीवरचे हात. ते हात मी आंधळी असते तरी ओळखले असते. मग गळ्यातली काळी पोत, मग हनुवटीवरचं गोंदण. आणि मग तोंड.

गोल तोंड, मित्रांनो. पुढचा एक दात पडलेला. डोळ्यांच्या कडांना हसून हसून पडलेल्या सुरकुत्या. उजेडानं डोळे किलकिले झाले होते, पण त्यांनी ते मिटले नाहीत. थेट माझ्याकडे पाहिलं. इतकं सुंदर तोंड त्या पडद्यावरसुद्धा कधी आलं नसेल. मी तर आनंदानं मिचमिचायला लागले. दीपमालाला वाटलं सेल उतरले, तिने मला एक थाप मारली. सेल कशाचे उतरतायत!

मग मी आजूबाजूच्या खुर्च्यांवरूनही फिरले आणि फोटो झाला. सर्जेरावही आत येऊन पाहून गेले आणि त्यानंतर किल्लीचं नावच काढेनात. सगळ्या रिकाम्या खुर्च्यांच्या मधोमध एकट्या कांताबाई, ऐटीत बसलेल्या, जणू हे टॉकीज त्यांच्यासाठीच बांधलं होतं. वाचनालयाच्या हॉलमध्ये तो फोटो मधोमध लागला. म्हाताऱ्या बाया येत होत्या आणि त्याच्यापुढे उभ्या राहत होत्या. हसनाबादहून दैवशालाबाई आल्या, आता त्याही सासूबाई. त्या म्हणाल्या, "आवाज वळखीचा व्हता बाई तुमचा, तोंड नीट आज पाह्यलं!" आणि त्यांनी कांताबाईंना मिठी मारली.

खुर्च्या गेल्या. टॉकीजमध्ये आता बियाण्याच्या गोण्या आहेत. असू देत बापड्या, बियाणंही अंधारातच उगवायची वाट पाहतं.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. तुमच्या घरात, शाळेत, गल्लीत कुणीतरी असंच असेल, जे जन्मभर दुसऱ्याच्या पायापुढे उजेड धरतं आणि स्वतः मागे राहतं. त्याला एकदा हाताला धरून चांगल्या खुर्चीवर बसवा आणि उजेड त्याच्या तोंडावर टाका. लाजेल, नको नको म्हणेल, तरी टाका.

आणि घरात माझ्यासारखी एखादी म्हातारी बॅटरी असेल, तर तिला काच खाली करून उभी ठेवू नका. दीपमालाने मला आता सरळ ठेवलंय. सकाळी कांताबाई चुलीवर चहा ठेवतात, तेव्हा त्यांचं तोंड मला पुरतं दिसतं.